कडू घास कोणी आणायचा? गावावर दुःख कोसळल्यानंतर करायची कामे

एका घरात मयत झाली की भावकी आणि शेजारी कडू घास घेऊन येतात, ही आपली जुनी रीत आहे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने किल्लारी परिसर हादरला, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून झोपलेल्या लोकांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली आणि घास आणणारा शेजारीच उरला नाही. साऱ्या गावाचे दुःख एकाच वेळी हलके करायचे असेल, तर ही रीत थोडी बदलून वापरावी लागते.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या गावांनी गल्ल्या वाटून घ्याव्यात. प्रत्येक गल्लीकडे रोज तीच दोन माणसे गेली पाहिजेत, कारण दर वेळी नव्या माणसाला तीच हकीकत सांगणे ही दुखावलेल्यांसाठी शिक्षाच असते. घरात गेल्यावर ओसरीवर बसावे, पाणी दिले तर प्यावे आणि गप्प राहावे. "काय झाले?" असे खोदून विचारू नये, समोरचा स्वतःहून बोलू लागला, तर मध्ये न तोडता ऐकावे. "देवाची मर्जी" किंवा "निदान धाकटा तरी वाचला" ही वाक्ये सांत्वनाची वाटली, तरी ती ऐकणाऱ्याला बोचतात.

मदत घेणाऱ्या हातांना लवकरात लवकर काम द्यावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सतत रांगेत उभे राहून किट घेणारा माणूस आतून खचत जातो. पुरानंतर कणगीतली ओली ज्वारी उन्हात पसरणारी म्हातारी पाहून आपल्याला "राहू द्या, आम्ही करतो" असे म्हणावेसे वाटते. तसे म्हणू नये, तिच्या शेजारी बसून खराब दाणे वेगळे करावेत आणि कोणते ठेवायचे, ते तिलाच विचारावे. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' झाल्या होत्या. शासन आणि गावकरी यांच्यातला दुवा सांभाळणाऱ्या या बाया स्वतःही त्याच आपत्तीतून गेलेल्या होत्या. यादी करणे, सामूहिक स्वयंपाक, मुलांचा अभ्यास घेणे, अशी कामे पीडितांकडेच सोपवावीत.

मुलांना खोटे सांगू नये. "आई गावाला गेली" असे सांगितलेले मूल वाट पाहत राहते. शाळा मंडपात का होईना, ठरलेल्या वेळी भरवावी.

नव्या जागी वसाहत होणार असेल, तर घरांच्या वाटपाआधी कोणाला कोणाचा शेजार हवा, हे विचारावे. किल्लारीच्या वेळी ५२ गावे नव्या जागी वसली. अशा रुंद रस्त्यांच्या, आखीव वसाहतीत पक्के घर मिळते, पण ओट्यावरून ओट्यावर बोलायची सोय जाते. म्हणून बसायला एक पार आधी बांधून घ्यावा.

झोप न लागणे, आवाजाने दचकणे हे सुरुवातीला स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते ओसरले नाही, माणूस जेवेनासा झाला किंवा मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके हलवावीत आणि १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) मोफत क्रमांकावर त्याच्या सोबतीने फोन करावा. हा फोन मदत करणाऱ्यांसाठीही आहे, आठवडाभर प्रेते किंवा मेलेली जनावरे उचललेल्या पोरांना कोणी "तू कसा आहेस?" असे विचारत नाही.

गाड्या आणि कॅमेरे महिन्याभरात परततात, खरे जड दिवस त्यानंतर येतात. म्हणून वहीत वर्षभराच्या तारखा लिहून ठेवाव्यात: पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, पेरणी. सप्टेंबर २०२५ च्या पुराने धाराशिव जिल्ह्यात भूम-परांड्याकडे जमिनी खरडून नेल्या आणि दावणीची जनावरे वाहून गेली. ज्याचा बैल गेला, त्याच्या घरी पोळ्याच्या सकाळी लवकर जावे, थोडा वेळ बसावे आणि त्याला चालणार असेल, तर आपल्या बैलाची शिंगे रंगवायला त्यालाच बोलवावे.