रिफ्लेक्शन प्रोब लावताना या चुका टाळा: माजघरातल्या हंड्यावर आकाश कुठून आलं?

युनिटी या गेम इंजिनात व्हीआरसाठी (आभासी वास्तवासाठी) जुना वाडा उभा करायचा म्हटलं की सगळा वेळ मॉडेल आणि टेक्सचर खातात. चकचकीत वस्तूंना आसपासचं प्रतिबिंब पुरवणारे रिफ्लेक्शन प्रोब शेवटी, घाईघाईत टाकले जातात. मग ज्या माजघराला एक धड खिडकी नाही, तिथल्या तांब्याच्या हंड्यावर निळंशार आकाश चमकायला लागतं. हेडसेट लावून आलेल्या माणसाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खोली खोटी आहे एवढं त्याला पहिल्या नजरेत कळतं.

इथे बहुतेक जण मटेरियलच्या मागे लागतात. स्मूथनेस (गुळगुळीतपणा) उतरवतात, हंड्याचा रंग गडद करतात, एखादा जास्तीचा दिवा टांगतात. यातलं काहीही करू नका. धातूला स्वतःचा असा डिफ्यूज, म्हणजे सगळीकडे विखुरलेला, प्रकाश जवळपास नसतोच. तो जे दाखवतो ते आसपासचं प्रतिबिंब, आपल्या रंगात बुडवलेलं. आणि ते प्रतिबिंब येतं प्रोबमधून. प्रोब एका ठरावीक बिंदूवरून सहा दिशांना सहा चित्रं घेतो आणि त्यांचा क्यूबमॅप करतो. म्हणून तक्रार कुठलीही असो, आधी तीनच गोष्टी तपासायच्या: चित्र कुठून घेतलं, त्यात काय काय आलं, आणि ते कोणत्या वस्तूला लागलं.

तपासायला सोपी युक्ती आहे. सीनमध्ये एक गोळा टाका, मेटॅलिक १, स्मूथनेस १. तो हातात धरल्यासारखा एकेका खोलीतून फिरवा. चौकातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात नेताना गोळ्यावरचं चित्र कुठे बदलतं, कुठे अचानक उडी मारतं आणि कुठे बदलतच नाही, हे लगेच दिसतं. इन्स्पेक्टरमधल्या आकड्यांकडे तासभर बघून जे कळणार नाही ते हा गोळा एका फेरीत दाखवतो. काम संपेपर्यंत तो सीनमधून काढू नका.

खोलीला प्रोबच नाही, किंवा आहे पण रिकामा

हंड्यावरच्या आकाशाचं सर्वांत साधं कारण हेच. ज्या वस्तूला कुठल्याच प्रोबचा बॉक्स, म्हणजे त्याच्या प्रभावाची चौकट, शिवत नाही, तिला युनिटी लाइटिंग विंडोमधलं एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शन देतो, म्हणजे मुळात स्कायबॉक्स, सीनभोवतीचं आकाशाचं चित्र. खोलीला भिंती आहेत, छप्पर आहे, हे त्या वेळी कुणी विचारात घेत नाही. त्यामुळे बंद खोली कितीही लहान असो, देवघराएवढी असली तरी तिला स्वतःचा प्रोब हवा.

दुसरा प्रकार जास्त फसवा. प्रोब आहे, बॉक्स बरोबर आहे, बेकही केलाय (म्हणजे चित्र आधीच काढून साठवलंय), तरी गोळ्यावर आकाशच. अशा वेळी भिंतींचे स्टॅटिक फ्लॅग बघा. बेक्ड प्रकारच्या प्रोबला फक्त ‘रिफ्लेक्शन प्रोब स्टॅटिक’ अशी खूण असलेल्या वस्तू दिसतात. लाइटमॅपसाठी (आधीच मोजून पृष्ठभागावर साठवलेल्या प्रकाशासाठी) ‘कॉन्ट्रिब्यूट जीआय’ चालू केलं आणि ही दुसरी खूण राहून गेली, तर भिंतीवर प्रकाश सुंदर बसतो, पण प्रोबच्या लेखी ती भिंत अस्तित्वातच नसते. बाहेरून आणलेल्या मॉडेलमध्ये हे फार घडतं. उलट बाजूने, जी वस्तू हलणार आहे तिला ही खूण देऊ नका. उघडझाप होणारं दार बेक झालं, तर दार उघडल्यावरही फरशीत ते बंदच दिसत राहील.

बेकचा क्रमही इथेच लक्षात ठेवा. आधी लाइटमॅप, मग प्रोब. दिवे हलवल्यावर नुसता प्रोब बेक केला तर त्यात जुनाच उजेड येतो.

बॉक्स प्रोजेक्शन

या एका खुणेवर मी सगळ्यांत जास्त भर देईन, कारण व्हीआरमध्ये खरंखोटं इथेच ठरतं.

संगणकीय चित्रात परिसराचं प्रतिबिंब नकाशावरून उचलायची पद्धत जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी १९७६ मध्ये मांडली. सहा बाजूंच्या घनाची मांडणी नेड ग्रीन यांनी १९८६ मध्ये वापरली. या पद्धतीत परिसर अनंत अंतरावर आहे असं धरलेलं असतं. डोंगर आणि ढग यांच्यासाठी ते ठीक आहे. दहा फुटांवरच्या भिंतीसाठी नाही.

माजघरात गुळगुळीत शहाबादी फरशी आहे आणि समोर उजळलेलं दार, असं समजा. बॉक्स प्रोजेक्शन बंद असेल तर फरशीतलं दार भिंतीतल्या दाराच्या पायाशी जुळतच नाही. तुम्ही दोन पावलं डावीकडे सरकलात की तेही तुमच्यासोबत डावीकडे सरकतं. सपाट पडद्यावर हे खपून जातं. हेडसेटमध्ये मात्र माणूस सतत मान हलवतो आणि दोन डोळ्यांनी अंतर मोजतो, त्यामुळे फरशी पायाखालून घसरल्यासारखी वाटते. बॉक्स प्रोजेक्शन चालू केलं की शेडर (पृष्ठभागाचा रंग काढणारा छोटा प्रोग्रॅम) परावर्तित किरण प्रोबच्या बॉक्सच्या भिंतीला कुठे लागतो ते काढतो आणि क्यूबमॅपमधला नेमका तो भाग उचलतो. सेबास्तियां लगार्द आणि अँतुआन झानुतिनी यांनी सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेत २०१२ मध्ये ही दुरुस्ती सविस्तर मांडली होती. दार जागेवर बसतं आणि तिथेच राहतं.

आता यातल्या चुका. पहिली म्हणजे बॉक्स मूळ मापाचाच ठेवणं. नवा प्रोब १० बाय १० बाय १० मीटरचा बॉक्स घेऊन येतो. खोली ४ बाय ६ ची असेल आणि बॉक्स तसाच ठेवला, तर शेडर भिंती भलतीकडेच आहेत असं धरून चालतो. बॉक्सच्या बाजू भिंतींच्या आतल्या पृष्ठभागाशी जुळवा. दोन-चार सेंटिमीटर बाहेर गेल्या तर चालतील, किंबहुना तसं करावंच, म्हणजे भिंत आणि फरशी स्वतः बॉक्समध्ये येतात.

दुसरी चूक, चित्र घेण्याचा बिंदू मध्यभागीच असला पाहिजे असं मानणं. खोलीच्या मध्यावर हंडी टांगली असेल तर प्रोब तिच्या पोटाशी बसतो आणि क्यूबमॅपची वरची बाजू सगळी हंडीच खाते. बिंदू हलवायला प्रोबचा ऑब्जेक्ट ओढलात तर बॉक्सही सोबत सरकतो. त्यासाठी इन्स्पेक्टरमध्ये वेगळं बटण आहे, ज्याने बॉक्स जागेवर ठेवून फक्त मूळ बिंदू हलतो. तो डोळ्यांच्या उंचीच्या आसपास, खांब आणि सामानापासून दूर ठेवा. लाकडी खांबाला खेटून ठेवलात तर खोलीतल्या प्रत्येक भांड्यात अर्धा खांबच दिसेल.

तिसरी चूक सापडायला सर्वांत अवघड. एडिटरमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि क्वेस्टवर (संगणकाविना चालणाऱ्या हेडसेटवर) टाकलं की फरशी पुन्हा घसरते. यूआरपी (युनिटीची नवी रेंडर पाइपलाइन) वापरत असाल तर प्रोबवरची खूण पुरेशी नाही. यूआरपी अ‍ॅसेटमध्ये बॉक्स प्रोजेक्शन आणि प्रोब ब्लेंडिंग अशा वेगळ्या खुणा असतात, आणि मोबाइलच्या क्वालिटी लेव्हलला बहुधा दुसराच अ‍ॅसेट जोडलेला असतो. डेस्कटॉपच्या अ‍ॅसेटमध्ये खूण केलेली असते, मोबाइलच्या कोरा राहतो. जुन्या बिल्ट-इन पाइपलाइनमध्ये, म्हणजे व्हीआरचॅट या व्हीआर मंचासाठी जग बनवणाऱ्यांना, हेच ग्राफिक्सच्या टियर सेटिंग्जमध्ये बघावं लागतं.

एक मर्यादा मान्य करावी लागते. ही दुरुस्ती सगळं काही बॉक्सच्या भिंतींवर चिकटलेलं आहे असंच धरते. खोलीच्या मध्यातला झोपाळा प्रतिबिंबात मागच्या भिंतीवर पसरलेला दिसणारच. शिवाय बिल्ट-इनमध्ये आणि यूआरपीच्या बऱ्याच आवृत्त्यांत बॉक्स फिरवता येत नाही, तो जगाच्या अक्षांशी समांतरच राहतो. वाडा गल्लीच्या तिरकस रेषेवर असेल म्हणून मॉडेल तिरकं ठेवू नका. वाडा सरळ ठेवा आणि गल्ली तिरकी करा.

एकच मोठी फरशी, तीन खोल्या

चौक, ओसरी आणि माजघर या तिन्हींची फरशी एकाच मेशमध्ये (त्रिमितीय जाळीत) असते आणि तीन प्रोब लावूनही माजघराच्या फरशीत चौकातलं आकाश दिसतं. कारण साध्या फॉरवर्ड रेंडरिंगमध्ये प्रोब वस्तूनिहाय वाटले जातात, आणि एका वस्तूला जास्तीत जास्त दोन. तुमच्या दृष्टीने जमिनी तीन असतील, युनिटीच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. खोलीगणिक फरशी तोडा, भिंतींचंही तेच. यूआरपीचं फॉरवर्ड प्लस ही दोनची मर्यादा काढतं, पण स्वतंत्र हेडसेटवर त्याचा खर्च मोजून बघा. मेश तोडणं मला अजूनही जास्त भरवशाचं वाटतं.

उंबरठ्यावर गोळा अचानक रंग बदलत असेल तर दोन बॉक्स एकमेकांत थोडे शिरलेत का ते पाहा आणि यूआरपीत ब्लेंड डिस्टन्स द्या. पण ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये जाड भिंत असेल तर हे मिसळणं दाराच्या जागेपुरतंच हवं, नाहीतर भिंतीच्या आतल्या बाजूलाही चौकातला उजेड झिरपतो. मोठ्या प्रोबच्या पोटात छोटा प्रोब असेल, जसा माजघराच्या कोपऱ्यातल्या देवघराचा, तर छोट्याचं इम्पॉर्टन्स (अग्रक्रम) वाढवा. आणि हातात उचलता येणारी तांब्या-भांडी दोन खोल्यांच्या सीमेवर चुळबुळ करत असतील तर मेश रेंडररच्या अँकर ओव्हरराइडमध्ये एक स्थिर बिंदू द्या.

सगळं काळवंडलेलं दिसतं

इथे इंटेन्सिटीचा स्लायडर ओढायचा मोह होतो. १ वरून २ केलं की हंडा उजळतो आणि त्यासोबत काळोखात राहायला हवा तो कोपराही. कारण शोधा.

बेक केलेल्या दिव्याचा थेट चकाकणारा ठिपका धातूवर पडत नाही, कारण बेक झाल्यावर तो दिवा चालू प्रकाशात उरतच नाही. समईच्या जागी पॉइंट लाइट ठेवून बेक केलंत तर भिंती उजळतील, पण पितळेवर ज्योत दिसणार नाही. ज्योतीचा लहानसा मेश करा, त्याला भरपूर एमिशन (स्वतःचा उजेड) द्या आणि प्रोबला तो दिसेल असं बघा. प्रोबचं एचडीआर, म्हणजे पांढऱ्याहून जास्त उजेडही साठवायची सोय, चालू हवं. ते बंद असेल तर ज्योत आणि पांढरी भिंत प्रतिबिंबात सारख्याच उजळ ठरतात आणि खडबडीत पितळेवर ज्योतीचा पसरट सोनेरी डाग कधीच उमटत नाही.

हंड्यात समोरचा दुसरा हंडा काळा दिसत असेल तर एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शनमधले बाउन्सेस बघा. मूळ आकडा १ असतो, म्हणजे प्रतिबिंबातल्या धातूला स्वतःचं प्रतिबिंब मिळत नाही. २ करा. वाड्याला तेवढं पुरतं.

रिझोल्यूशन आणि रिअलटाइमचा हव्यास

सहा बाजू, प्रत्येकी १२८ बाय १२८, एचडीआर, कॉम्प्रेशनशिवाय: मिपमॅपसकट (त्याच चित्राच्या लहान, धूसर प्रतींसकट) बरोबर १ एमबी. तोच प्रोब १०२४ चा केला तर ६४ एमबी. कॉम्प्रेशन लावल्यावर आकडे खाली येतात, पण प्रमाण तेच राहतं. ठोक्याची भांडी, घासून जुनी झालेली फरशी, तेल पाजलेलं लाकूड हे सगळे पृष्ठभाग क्यूबमॅपच्या धूसर पातळ्याच वाचतात. त्यांच्यासाठी १०२४ बेक करणं म्हणजे जागेची नासाडी. १२८ ने सुरुवात करा आणि गुळगुळीत फरशीच्या खोलीपुरतं २५६ वर जा.

रिअलटाइम प्रोब आणि ‘एव्हरी फ्रेम’ ही जोडी हेडसेटवर टाळाच. प्रत्येक फ्रेमला अख्खा परिसर आणखी सहा वेळा काढायचा आणि ७२ हर्ट्झला हातात असतात एकूण १३.९ मिलिसेकंद. समई पेटली, दार उघडलं, अशा क्षणी स्क्रिप्टमधून एकदाच प्रोब ताजा करा. टाइम स्लायसिंग लावलंत तर ते काम ९ किंवा १४ फ्रेम्समध्ये वाटलं जातं आणि झटका बसत नाही. रिअलटाइम प्रोब अजिबातच चालत नसेल तर क्वालिटी सेटिंग्जमध्ये त्याची परवानगी बंद आहे का ते आधी पाहा. सकाळ आणि रात्र अशा दोनच अवस्था असतील तर दोन क्यूबमॅप आधी बेक करून कस्टम प्रकारच्या प्रोबमध्ये अदलाबदल करणं सर्वांत स्वस्त.

आणि आरसा. माजघरातल्या भिंतीवरचा आरसा प्रोबने होत नाही. बेक केलेल्या चित्रात बघणारा माणूस नसतो आणि सपाट आरशात बॉक्स प्रोजेक्शनची प्रत्येक तडजोड उघडी पडते. त्याला प्लेनर रिफ्लेक्शन लागतं, म्हणजे आरशाच्या बाजूने परिसर पुन्हा काढणं. व्हीआरचॅटमध्ये तयार मिरर मिळतो. तो महागडा असतो, कारण दोन्ही डोळ्यांसाठी परिसर पुन्हा काढावा लागतो. म्हणून आरसा एकच ठेवा, जवळ गेल्यावरच चालू होईल असा करा आणि त्यात कोणते लेयर दिसायला हवेत ते निवडून द्या. माणसं, भिंती आणि दिवे एवढे पुरेत. लांबून तो बंद असतो तेव्हा त्याच्या काचेवर खोलीचाच प्रोब लागू द्या, म्हणजे चालू होताना तो डोळ्यात खुपत नाही.