क्लोनिंग फसतंय? आधी या चुका टाळा

क्लोनिंग म्हणजे हवा तो डीएनएचा तुकडा एन्झाइमने कापून प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात जोडायचा आणि जिवाणूंच्या पेशींत घालून वाढवायचा. जमलं तर प्लेटवर जिवाणूंचे ठिपके, म्हणजे कॉलनी, दिसतात. ‘मॅडम, कॉलनी आल्याच नाहीत’ असं म्हणत कोणी आलं की मी आधी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, प्लेटा मागते. बहुतेकदा त्या लावलेल्याच नसतात. मग कापणं फसलं, जोडणं फसलं की पेशीच मेल्या होत्या, हे सांगायचं कशावरून? न कापलेला प्लाझ्मिड घातलेली प्लेट पेशींचं सांगते. कापलेला वेक्टर, म्हणजे तुकडा ज्यात बसवायचा तो प्लाझ्मिड, लायगेज या जोडणाऱ्या एन्झाइमशिवाय घालूनही प्लेट भरली, तर तो पुरता कापलेला नाही. लायगेज घातल्यावरच भरली, तर तो स्वतःशीच जुळतोय. टोकांचे फॉस्फेट काढणारं फॉस्फेटेज वापरा, नाहीतर दोन वेगवेगळ्या एन्झाइमांनी कापा. तीन प्लेटा वाचवायच्या आणि महिना घालवायचा, याचा मला मनापासून राग येतो.

सगळ्यात छळते ती मिथिलेशनची, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल गटांची चूक. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रायमरमध्ये, म्हणजे पीसीआर सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यात, एक्सबीए-वन या एन्झाइमची कापायची जागा घातली, पीसीआरचा (ट्यूबमध्येच प्रती काढलेला) तुकडा टीए वेक्टरमध्ये, म्हणजे पीसीआरचा तुकडा न कापता घेणाऱ्या वेक्टरमध्ये जोडला आणि डीएच-फाइव्ह-अल्फा या ई. कोलाय जिवाणूच्या स्ट्रेनमध्ये वाढवला. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्यावर, जागा अगदी बरोबर, पण जेलवर तुकडा काही सुटेना. तिने नवं एन्झाइम मागवलं, बफर बदलला, रात्रभर ३७ अंशांवर ठेवून पाहिलं. त्याच ट्यूबमधलं एन्झाइम पीयूसी-१९ हा दुसरा प्लाझ्मिड मात्र सरळ कापत होतं! म्हणजे दोष एन्झाइमचा नव्हताच, पण घाईत तिकडे कोणी पाहिलं नाही.

मी तिला सिक्वेन्स कागदावर लिहायला लावला. टीसीटीएजीए या जागेला लागूनच पुढे टीसी होतं. म्हणजे शेवटची चार अक्षरं झाली जीएटीसी. ई. कोलायचं डॅम मिथिलेज नेमकं याच चार अक्षरांतल्या ए-वर मिथाइल गट बसवतं आणि तिथे एक्सबीए-वन अडतं. तोच प्लाझ्मिड जेएम-११० या डॅम नसलेल्या स्ट्रेनमध्ये वाढवला आणि तुकडा सुटला. पीसीआरच्या तुकड्यावर मिथिलेशन नसतं, त्यामुळे तो थेट कापला असता तरी भागलं असतं. बीसीएल-वन या दुसऱ्या एन्झाइमच्या तर जागेतच जीएटीसी आहे, त्यामुळे ते दर वेळी अडतं. बॅम-एच-वनच्या जागेतही आहे, पण त्याला फरक पडत नाही. म्हणून अंदाज बांधू नका, एन्झाइमचं पत्रक वाचा. मी तर प्रायमरची ऑर्डर देण्याआधी जागेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं हाताने लिहून बघते.

जास्त एन्झाइम घातलं की लवकर कापतं, हा समजही सोडा. ते ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठवलेलं असतं. रिॲक्शनमध्ये ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर गेलं की इको-आर-वनसारखी एन्झाइमं भलत्याच जागी कापू लागतात. २० मायक्रोलिटरमध्ये सगळी एन्झाइमं मिळून २ मायक्रोलिटरपेक्षा जास्त नकोत.

कापायची जागा प्रायमरच्या अगदी टोकाला ठेवू नका, एन्झाइमला बसायला जागा लागते. मी पुढे सहा बेस जादा घालते.

लायगेजचा बफर आल्या दिवशीच छोट्या ट्यूबांमध्ये वाटून ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवला-वितळवला की त्यातलं एटीपी, म्हणजे जोडायला लागणारी ऊर्जा, जातं.

जेलमधून बँड कापताना यूव्ही ३६५ नॅनोमीटरचा घ्या आणि पटकन आटपा. २५४ वर डीएनए खराब होतो.

ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाची प्लेट १६ तासांनी बाहेर काढा. जास्त राहिली तर मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलनी उठतात. त्यांत प्लाझ्मिड नसतो, त्या उचलू नका.