बूटच्या वेळी मेमरी राखून ठेवणारा कोड: रिव्ह्यू करताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या कमांड लाइनवरून (बूट होताना कर्नलला मिळणाऱ्या ऑप्शनांच्या ओळीतून) मेमरी बाजूला काढून ठेवायचे मार्ग बरेच आहेत. क्रॅश डंपसाठी (कर्नल कोसळल्यावर मेमरीची प्रत घेण्यासाठी) क्रॅशकर्नल=, सलग मेमरी मागणाऱ्या ड्रायव्हरांसाठी सीएमए=, एक्स८६ वर मेमरीचा नकाशाच बदलणारा मेममॅप= आणि २०२४ मध्ये दाखल झालेला रिझर्व्ह_मेम=. यांचे पार्सर, म्हणजे ऑप्शनचा मजकूर वाचून अर्थ लावणारे कोड, फार मोठे नसतात, त्यामुळे असा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) आला की बरेच जण वरून खाली एकदा नजर फिरवतात आणि 'ठीक दिसतंय' म्हणून मोकळे होतात. पण हा कोड इतक्या लवकर चालतो की तो बिघडला तर तक्रार दाखवायला कन्सोलसुद्धा जागा झालेला नसतो. समोर काळा स्क्रीन, आणि वर एकही ओळ नाही.

मेमपार्सवर आंधळा भरवसा

जवळजवळ हे सगळे ऑप्शन शेवटी मेमपार्स या एकाच फंक्शनला हाक मारतात. ते आकडा वाचतं, मागे के, एम, जी, टी, पी किंवा ई असेल तर १०२४ च्या पटीत वाढवतं आणि जिथे थांबलं तिथला पॉइंटर परत देतं. बस. चूक कळवायची त्याच्याकडे सोयच नाही, आणि आकडा मावला नाही तरी ते गप्प बसतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये प्रत्येक मेमपार्सपाशी थांबून दोन गोष्टी बघायच्या: पॉइंटर पुढे सरकला का, आणि आता तो कोणत्या अक्षरावर उभा आहे.

पॉइंटर सरकला का, हे न बघणारा कोड 'ऑटो' या शब्दाला शून्य बाइट समजतो. हे काल्पनिक नाही. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत क्रॅशकर्नल=ऑटो चालायचं. मुख्य प्रवाहातल्या कर्नलने ते कधीच घेतलं नाही, आणि रेड हॅटच्याच आरएचईएल ९ मधूनही ते गेलं. जुनी कमांड लाइन जशीच्या तशी नव्या कर्नलवर नेणारे मात्र अजून भेटतात. क्रॅशकर्नलचा पार्सर इथे पॉइंटर जागचा हलला नाही हे ओळखतो आणि मेमरीचा आकडा अपेक्षित होता असं लॉगमध्ये सांगतो.

दुसरी गोष्ट जास्त वेळा निसटते. कोणी २५६एम ऐवजी २५६एमबी लिहिलं तर? क्रॅशकर्नलचा साधा पार्सर 'बी' वर अडतो, अनोळखी अक्षर म्हणून इशारा देतो आणि ऑप्शन नाकारतो. सीएमए= चा पार्सर मात्र पुढे '@' (त्यानंतर पत्ता येतो) आहे का एवढंच बघतो. नसेल तर शून्य परत करून मोकळा. म्हणजे सीएमए=६४एमबी बिनतक्रार चालून जातं. माझं मत विचाराल तर नव्या कोडने क्रॅशकर्नलचा कित्ता गिरवावा. आज 'बी' खपवून घेतला की उद्या 'सीएमए=६४एम#४जी' पण खपतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपला पत्ता लागू झाला.

मेमपार्स आकड्याचा पाया स्वतःच ठरवतं, यातही मेख आहे. सुरुवातीला शून्य असेल तर तो आकडा ऑक्टल, म्हणजे ०१०एम हे १० नव्हे, ८ एमबी. आणि ०एक्स१०ई लिहिलं तर शेवटचा 'ई' एक्झाबाइटचा नसून हेक्साडेसिमल अंक ठरतो. हाती येतात फक्त २७० बाइट.

शिवाय परत येणारी किंमत ६४ बिटांची असते. पॅचमध्ये ती अनसाइन्ड इंटमध्ये टाकलेली दिसली तर तिथेच थांबा: ४जी बरोबर २ चा ३२ वा घात, त्यामुळे ३२ बिटांत उरतं शून्य. ३२ बिटी मशीनवर अनसाइन्ड लाँगचीही तीच गत. पत्ता आणि आकार यांची बेरीज उलटून लहान होत नाही ना, हेही लगे हात बघून घ्यावं.

आधी कृती, मग तपासणी

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मेममॅप=६४के$०एक्स१८६९०००० याचा अर्थ त्या पत्त्यापासूनचे ६४ केबी राखीव ठेवा. '@' दिलं तर तो भाग वापरायचा, '#' म्हणजे एसीपीआयचा (फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीचा) डेटा, '!' म्हणजे पर्सिस्टंट, वीज गेली तरी टिकणारी मेमरी. पण ग्रब२ या बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) '$' म्हणजे स्वतःचा व्हेरिएबल वाटतो. एस्केप केलं नाही (हे साधं अक्षर आहे अशी खूण केली नाही) तर '$' आणि त्याला चिकटलेला आकडा तो गिळून टाकतो, आणि कर्नलच्या हाती मोडकातोडका ६४के पडतो.

आता पार्सर बघा. आकारानंतर ओळखीचं चिन्ह सापडलं नाही तर तो शेवटच्या एल्समध्ये जातो आणि त्या आकाराच्या वरची सगळी रॅम नकाशातून काढून टाकतो. ओळ नीट संपली का हे तपासून ईइन्व्हॅल (अवैध इनपुटचा एरर कोड) परत करायची वेळ त्यानंतर येते. त्रुटी कळली तरी तोवर मशीनकडे ६४ केबी उरलेले असतात. नव्या पॅचमध्ये असा क्रम दिसला तर सरळ सांगा: संपूर्ण ओळ वाचा, सगळं जुळतंय याची खात्री करा, मगच नकाशाला हात लावा.

आपला ऑप्शन कुठे संपतो?

क्रॅशकर्नलच्या पार्सरला सुटा केलेला शब्द मिळत नाही, अख्खी कमांड लाइन मिळते. त्यामुळे ':' शोधताना तो पहिल्या स्पेसच्या आधी आहे का हेही बघावं लागतं. नाहीतर क्रॅशकर्नल=२५६एम च्या पुढे कुठेतरी आयपी= चा ऑप्शन आला की त्यातल्या ':' मुळे साधा आकार रेंजच्या (रॅमच्या टप्प्यांनुसार आकार ठरवणाऱ्या यादीच्या) पार्सरकडे जातो आणि '-' सापडत नाही म्हणून फेटाळला जातो. मूळ कोडमध्ये ही तपासणी आहे. तिची नक्कल करताना नेमकी तीच ओळ गळते. एसटीआरएसटीआर (मजकुरात मजकूर शोधणारं फंक्शन) वापरून ऑप्शन शोधला असेल तर तो दुसऱ्या लांब नावाच्या पोटातही सापडू शकतो, हे लक्षात असू द्या.

रेंजच्या यादीत, उदाहरणार्थ क्रॅशकर्नल=५१२एम-२जी:६४एम,२जी-:१२८एम, ':' च्या आधी मशीनच्या रॅमची रेंज आणि नंतर राखायचा आकार असतो; रेंजचं सुरुवातीचं टोक धरायचं आणि शेवटचं सोडायचं. बरोबर २ जीबीच्या मशीनला १२८ एमबी मिळतात. फर्मवेअर थोडी मेमरी स्वतःकडे ठेवतो, म्हणून अलीकडचे कर्नल तुलनेआधी एकूण रॅम १२८ एमबीच्या पटीत वर नेतात. आणखी एक बारकावा: मागितलेला आकार एकूण रॅमपेक्षा लहान आहे का, ही तपासणी रेंज जुळते का हे बघण्याआधीच होते. आता यादी उलटी लिहा: ६४जी-:१जी,१जी-६४जी:२५६एम. एक जीबीच्या व्हर्च्युअल मशीनवर पहिल्याच, लागू न होणाऱ्या रेंजचा १जी 'अवैध' ठरतो आणि पूर्ण ऑप्शन बाद. चढत्या क्रमाने लिहिलं असतं तर २५६ एमबी मिळाले असते.

अर्ली_पॅरम की सेटअप?

ऑप्शनच्या नावाला तो हाताळणारं फंक्शन जोडून देणारे हे दोन मॅक्रो. दोघांचे रिटर्नचे नियम उलटे आहेत. अर्ली_पॅरमचं फंक्शन यशस्वी झालं तर शून्य देतं. सेटअपचं फंक्शन काम झालं तर १ देतं. सेटअपमधून शून्य दिलं की कर्नल तो ऑप्शन अनोळखी समजून इनिटकडे (कर्नल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रामकडे) ढकलतो. एका मॅक्रोवरून दुसऱ्यावर गेलेल्या पॅचमध्ये हे आधी बघा. '=' शिवाय नुसतं नाव लिहिलं तर अर्ली_पॅरमच्या फंक्शनला नल पॉइंटर मिळतो. पहिल्याच ओळीत ती तपासणी नसेल तर पुढचं वाचायची घाई नको.

वेळेचं भानही हवं. एक्स८६ वर अर्ली_पॅरम चालतात तेव्हा मेमब्लॉकमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेत) रॅमची नोंद झालेली नसते. त्यामुळे तिथे आकडे टिपून ठेवायचे, प्रत्यक्ष राखीव जागा नंतर घ्यायची. आणि आर्ग्युमेंटचा पॉइंटर जपून ठेवायचा नाही. ती प्रत इनिटडेटामध्ये असते, बूट झाल्यावर ती जागा मोकळी होते. नाव हवं असेल तर कॉपी करा.

चालवून बघताना

क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला कर्नल आणि -अपेंड (कमांड लाइनचा मजकूर) थेट दिलं की मध्ये ग्रब नसतो, म्हणून '$' चा घोळ तिथे दिसणारच नाही. तो बघायचा तर डिस्कवरूनच बूट करा. आणि -अपेंडचा मजकूर एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेलच '$' खाईल. रॅमचा आकार रेंजच्या टोकावर, त्याच्या जरा खाली आणि जरा वर असा बदलून बघा. बूट झाल्यावर आधी /प्रॉक/सीएमडीलाइन वाचा, कारण आपण लिहिलं ते आणि कर्नलला मिळालं ते सारखं असेलच असं नाही. मग /प्रॉक/आयओमेममध्ये (मेमरीच्या पत्त्यांच्या यादीत) 'क्रॅश कर्नल' ही नोंद शोधा. साध्या युजरला तिथले सगळे पत्ते शून्य दिसतात, त्यामुळे पॅच फसला असं ठरवण्याआधी तीच फाइल रूट होऊन बघा.