फ्युचुरासारख्या फाँटची तिरपी अक्षरं कशी घडवायची

जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनरच्या फ्युचुरा फाँटमध्ये (१९२७) इंग्रजी ‘ओ’ जवळपास कंपासनं काढल्यासारखा आणि ‘ए’ एकमजली असतो. तिरप्या वळणातही अक्षरांची रूपं तीच राहतात, त्यामुळे वेगळेपण फक्त कलण्यातून दिसतं. म्हणून कोन ८ ते १२ अंशांत ठेवा. त्याहून कमी कोन लहान मजकुरात जाणवतच नाही. इथे १० अंश धरू.

अक्षर कलवताना आधारबिंदू लहान (स्मॉल) अक्षरांच्या निम्म्या उंचीवर ठेवा. ती पूर्ण उंची ५०० युनिट (फाँट आखण्याचं माप) असेल आणि बेसलाइनवरून, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिथून कलवलंत, तर अक्षराचा मध्य ४४ युनिट उजवीकडे सरकतो आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा बिघडते.

खरा त्रास गोल अक्षरांचा. वर्तुळ कलवलं की त्याचा लंबगोल होतो आणि जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ९० युनिट जाडीचा ‘ओ’ वर-उजवीकडे आणि खाली-डावीकडे सुमारे ९८ होतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत ८२. छापल्यावर तो चेपल्यासारखा दिसतो. उपाय हातानंच करायचा: आधी डावीकडे आणि उजवीकडे अगदी टोकांवर नवे नोड (बाह्यरेषेवरचे बिंदू) घाला, कारण तिथले जुने नोड आता टोकांवर नसतात; वरचे आणि खालचे टोकांवरच राहतात. मग आतल्या रेषेची हँडल्स (वळण ठरवणाऱ्या दांड्या) हलवून जाड कोपरे ९२-९३ पर्यंत उतरवा आणि बारीक कोपरे ८७ च्या आसपास आणा. अगदी समान करू नका; थोडा फरक राहिला तरच अक्षर कललेलं वाटतं. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ची पोटं याच मापानं दुरुस्त करा.

उभ्या दांड्या जेमतेम दीड टक्का बारीक होतात, तेवढं चालतं. ‘ए’, ‘व्ही’, ‘एक्स’ या कॅपिटल अक्षरांकडे मात्र लक्ष द्या: उजवीकडे चढणारी रेष बारीक होते, उतरणारी जाड. ग्लिफ्स या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमधला कर्सिव्ही पर्याय दांड्यांची जाडी सांभाळतो, तरी गोल अक्षरं तपासावीच लागतात.

फाइलमध्ये कोनाची नोंद राहून गेली तर कर्सर सरळ उभा राहतो. फाँट फाइलमधल्या ‘पोस्ट’ नावाच्या माहितीच्या तक्त्यात (टेबल) उणे १० लिहा. व्हेरिएबल फाँटच्या (ज्यात एकाच फाइलमध्ये जाडी, कल बदलता येतात) कल-अक्षावरही उजवा कल उणेच असतो. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) मात्र तोच अधिक १०. वेबसाइटवर खरी तिरपी फाइल जोडा, नाहीतर ब्राउझर उभी अक्षरं स्वतःच तिरपी ढकलतो आणि वर सांगितलेले सगळे दोष परत येतात.

हे वळण मोठ्या, ठाशीव, चार-पाच शब्दांच्या ओळीत उत्तम दिसतं. अमेरिकन चित्रकार बार्बरा क्रुगरनं लाल पट्टीवर पांढऱ्या फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये (जाड, तिरपं वळण) हेच केलं. सलग परिच्छेदाला ते लावू नका.

देवनागरी कलवायची असेल तर मात्रा, रफार आणि उकारांचे अँकरही (ते अक्षराला जिथे जोडले जातात ते बिंदू) सोबत कलवा. ते जागेवरच राहिले तर मात्रा दांडीच्या डावीकडे आणि उकार उजवीकडे पडतात.