भंगार विकताय? आधी चुंबक फिरवा, मग भंगारवाल्याला हाक मारा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरनं जे काय निघतं ते एकाच गोणीत कोंबायचं आणि भंगारवाला म्हणेल तो भाव घ्यायचा, बहुतेक घरांत असंच चालतं. मिक्स माल दिला की तो सगळ्याला लोखंडाचाच भाव लावणार, आणि त्याचं तरी काय चुकलं, वेगळं करायची मेहनत त्याच्या गळ्यात ना. ती आपणच केली तर पैसे आपले.

जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि एक कानस, एवढं पुरतं. चिकटलं की लोखंड, पत्रा किंवा बीड (ओतीव लोखंड), ते एका ढिगात. हे लोखंड पुढे जालन्यासारख्या ठिकाणी भट्टीत वितळून परत बांधकामाची सळई होऊन येतं. नाही चिकटलं की नीट बघायचं. हलकं पांढरं म्हणजे जर्मनचं पातेलं, अ‍ॅल्युमिनियम. स्टीलच्या भांड्यांचं मात्र चुंबकावर सोडू नका, ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टीलला चिकटत नाही (त्यात निकेल असतं म्हणून भाव बरा), पण साध्या ग्रेडच्या काही भांड्यांना चिकटतं, म्हणून स्टीलचा ढीग वेगळाच ठेवा.

खरी गंमत नळात आहे. वरनं चकचकीत क्रोम, त्यामुळे आतलं काही कळत नाही, कोपऱ्यात कानस दोन-तीनदा मारा, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचा कमी भावाचा माल. पितळ असेल तर आतले लोखंडी स्क्रू आणि प्लास्टिक काढूनच द्या, नाहीतर त्या नावाखाली वजन कापतात. जुन्या पंख्याच्या वाइंडिंगचंही (आत गुंडाळलेल्या तारेचं) तसंच, वरचा रंग तांब्यासारखा दिसतो पण तो नुसता लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा थर असू शकतो, ब्लेडने खरवडा, आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, तांब्याची आशा सोडा.

वायरी जाळू नका प्लीज. पीव्हीसीचा धूर विषारी असतो आणि वर जळकं तांबं काळं पडून भाव पण उतरतो. जाड वायर कटरने सोला, बारीक असेल तर तशीच द्या.

तांब्या-पितळेची जुनी भांडी भंगारात घालण्याआधी भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारा, नवीन भांडं घ्यायचं असेल तर तिथे बऱ्याचदा जास्त फायदा होतो. तांबट भेटला तर ठोके देऊन कल्हई करून तेच भांडं परत वापरात येतं, मग विकायचं कशाला.

भाव दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, रोज बदलतो. वजन करताना इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा असताना शून्य दाखवतोय ना ते बघा, आणि प्रत्येक ढीग वेगळा तोलायला लावा.

इन्व्हर्टरची बॅटरी घरी फोडायची नाही, आत शिसं आणि अ‍ॅसिड असतं, नवीन घेताना दुकानदार जुनी एक्स्चेंजमधे घेतोच. फ्रिज-एसीचा गॅस पण स्वतः सोडू नका, ते ई-कचरावाल्यांना अख्खंच द्या.