युनिव्हर्सिटीत असताना कॅथलिक व्हायचंय किंवा कन्फर्मेशन घ्यायचंय? मग ही तयारी करा

सगळ्यात आधी आपण नेमके कुठे आहोत ते बघा, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच ठरते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर रस्ता लांबचा, पण मला विचाराल तर सगळ्यात सुंदर, ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीत बाप्तिस्मा, दृढीकरण (म्हणजेच कन्फर्मेशन, कपाळाला तेल लावून पवित्र आत्म्याचं दान देणारा संस्कार) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) असं तिन्ही एकाच मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, मिळतं. दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असेल, म्हणजे पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने, तर तो परत होत नाही, तुम्ही विश्वास जाहीर करता आणि कॅथलिक चर्चमध्ये तुमचा स्वीकार होतो. आणि माझ्यासारखं लहानपणी सगळं झालंय, फक्त कन्फर्मेशन राहून गेलंय, तर तयारी त्यामानाने छोटी. माझा क्लास चौदाव्या वर्षी अर्धवट सुटला तो सुटलाच, थेट थर्ड इयरला परत गेले, आणि उशीर झाला म्हणून कोणी एका शब्दाने बोललं नाही.

हे कळलं की टर्म सुरू होताच चॅप्लनना, म्हणजे युनिव्हर्सिटीसाठी नेमलेल्या फादरना, आणि चॅप्लन नसतील तर जवळच्या चर्चमधल्या फादरना भेटा. सुट्टीनंतर बघू असं करू नका, कारण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो आणि परीक्षाही बऱ्याचदा त्याच सुमाराला असतात. बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी तर त्याआधीच्याही तारखा असतात, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) पहिल्या रविवारच्या सुमारास निवडीचा विधी, ज्यात बाप्तिस्म्यासाठी तुमची निवड जाहीर होते आणि जो शक्यतो बिशपांसमोर होतो, आणि मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना. त्या तीन रविवारांची शुभवर्तमानं, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर, बायबलमध्ये योहानाच्या ४, ९ आणि ११ व्या अध्यायात आहेत, ती आधीच घरी सावकाश वाचा, चर्चमध्ये ऐकताना फार वेगळी लागतात. आणि हो, आधी लग्न झालेलं असेल, मोडलेलं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा, ते प्रकरण निस्तरायला वेळ लागू शकतो.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे म्हणून ते पहिल्या आठवड्यातच उरका. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला तिथूनच मागवायचा, आणि घरी फाइलमध्ये असलेला जुना बऱ्याच ठिकाणी चालत नाही, नव्याने काढलेला मागतात. माझा पाच आठवडे आला नव्हता, रजिस्टरमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं होतं त्यामुळे सापडतच नव्हता, शेवटी बाप्तिस्म्याची तारीख आणि धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या बाईंचं) नाव कळवलं तेव्हा मिळाला. तेव्हा अर्जातच हे दोन्ही लिहा.

स्पॉन्सर, म्हणजे विधीत तुमच्या पाठीशी उभी राहणारी व्यक्ती, कोण, याचा विचार मात्र घाईत करू नका. नियम सोपे आहेत: वयाची १६ वर्षं पूर्ण, स्वतः कॅथलिक, कन्फर्मेशन झालेलं, श्रद्धेने जगणारी व्यक्ती, आणि तुमचे आईवडील नकोत. शक्य असेल तर बाप्तिस्म्याच्या वेळचेच धर्मपिता किंवा धर्ममाता असावेत असं चर्च सुचवतं. बेस्ट फ्रेंडला विचारायचा मोह होतो, पण मी म्हणेन, दर रविवारी ज्यांना तुम्ही खरंच गुडघ्यावर बघता त्यांना विचारा. मी एका पीएचडी करणाऱ्या ताईंना विचारलं, आमची ओळख फक्त मिस्सानंतरच्या दोन मिनिटांची होती, त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, आजपासून रोज तुझं नाव घेते. अजून घेतात.

आता अभ्यास. कॅथलिक धर्मशिक्षणाचे चार भाग आहेत, काय मानतो, कोणते संस्कार, कसं जगायचं, कशी प्रार्थना करायची, आणि आपण युनिव्हर्सिटीवाले पहिल्या भागावरच वाद घालत बसतो. घाला, शंका फादरना स्पष्ट विचारा, एडिथ स्टाइन तत्त्वज्ञानाची विद्वान होती आणि १ जानेवारी १९२२ ला तिने बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी तिला डोकं बाजूला ठेवावं लागलं नाही. पण चौथा भाग सोडू नका. रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत. आणि रविवारचा मिस्सा असाइनमेंट असली तरी चुकवू नका, मी जे काही शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त तिथे बसून शिकले.

घरच्यांना लवकर सांगा, विशेषतः घरी कोणी कॅथलिक नसेल तर. निमंत्रण पत्रिका हातात द्यायच्या दिवशी नको. त्यांना दुःख होऊ शकतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं, लगेच उत्तरं देऊ नका. आणि मनच तयार नसेल तर एक वर्ष थांबा, थांबलेल्याला चर्च परत पाठवत नाही.

पापनिवेदनाची, म्हणजे फादरना आपली पापं सांगण्याची (कन्फेशनची), भीती सगळ्यांनाच वाटते. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना त्याआधी ते नसतं, बाप्तिस्म्यातच सगळी पापं धुतली जातात, पण बाकीच्यांनी दृढीकरणाआधी जायचं. सात वर्षांनी जाताना मी चिठ्ठी लिहून नेली होती, घामाने ती ओली झाली, अक्षर वाचता येईना, फादर म्हणाले राहू दे, जे आठवतं ते सांग. आदल्या दिवशीच्या रांगेसाठी ठेवू नका, आठवडाभर आधी वेळ मागून घ्या.

कन्फर्मेशनला संताचं नाव घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर यादीतून छान वाटलं म्हणून उचलू नका, त्या माणसाचं आयुष्य वाचा. पिएर जॉर्जो फ्रासाती मायनिंग इंजिनियरिंग शिकत होता, गरिबांच्या घरी जायचा, २४ व्या वर्षी गेला, २०२५ मध्ये संत झाला. बाप्तिस्म्याचंच नाव ठेवलं तरी उत्तम.

कन्फर्मेशनच्या दिवशी ख्रिस्तप्रसादाच्या तासभर आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही घेऊ नका, केस कपाळावर येणार नाहीत असे बांधा. स्पॉन्सर उजवा हात तुमच्या खांद्यावर ठेवतात, बिशप तुमचं नाव घेऊन अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस काढतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा घे म्हणतात, आपण म्हणायचं आमेन. मोठ्याने म्हणा. ते तेल सुगंधी असतं, ऑलिव्ह तेलात बाल्सम घातलेलं, पुसू नका, माझ्या कपाळाला रात्री झोपतानाही वास येत होता.

नंतरचं एक काम राहतं: महिनाभराने बाप्तिस्मा झाला त्या चर्चला फोन करून बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये कन्फर्मेशनची नोंद झाली का ते विचारा, पुढे लग्नाच्या वेळी त्याच पानावर बघतात.