पौषातला महिनाभराचा रन: काय काय हाताशी हवं

हा रन म्हणजे केमोस्टॅटचा: पात्रात सतत ताजं माध्यम (जिवाणूंचं पातळ खाद्य) सोडत, तापमान हळूहळू चढवत उष्णता सोसणारे जिवाणू निवडायचे. सोयाबीनची सोंगणी आटोपली की तयारीला लागा. डिसेंबर उजाडल्यावर मॅनिटॉल (माध्यमातला साखरेसारखा पदार्थ) मागवत बसलात तर थंडी हातची जाईल. उष्णता सोसणारा रायझोबियम, म्हणजे डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी बांधून नत्र पुरवणारा जिवाणू, निवडायचा आणि तोही पौषात, हे ऐकून मागच्या बॅचची पोरं हसली होती. पण मे महिन्यात आपली प्रयोगशाळाच ४२ अंशांवर जाते, आणि आपल्या वॉटर बाथला फक्त तापवता येतं. ३० अंशांपासून चढायचं तर बाहेर गारवा हवाच.

आधी पंप. पात्रात द्रव ५०० मिली, आत तासाला २५ मिली आणि बाहेरही तेवढंच. म्हणजे विरलन दर (तासाला पात्रातला जेवढा भाग बदलतो तो) ०.०५, आणि स्थिर अवस्थेत जिवाणू दुप्पट व्हायला सुमारे १४ तास. ३० दिवसांत जेमतेम ५२ पिढ्या. १९५० साली जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे अमेरिकेत नोविक आणि झिलार्ड यांनी मांडलेली ही केमोस्टॅटची पद्धत याच हिशेबावर उभी आहे. तुरीच्या गाठींतला ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे रायझोबियमचा सावकाश वाढणारा भाऊबंद, मुळातच संथ. घाईने पंप वाढवलात तर सगळं वाहून जाईल. पंपावरच्या आकड्यावर भरवसा नको. मोजपात्रात तासभर पाणी धरून बघा, आणि आठवड्याने परत बघा, कारण दाबून दाबून नळी सैल पडते. यूव्ही दिवा शोधत फिरू नका. मिलीला दहा कोटी पेशी धरल्या तरी पात्रात पाच हजार कोटी होतात. उत्परिवर्तनं आपोआप घडत असतात, आपल्याला फक्त चाळायचं आहे.

माध्यम १८ लिटर लागेल, दोन पात्रांना ३६. दुसरं पात्र चैन नव्हे: ते महिनाभर ३० अंशांवरच चालेल, नाहीतर झालेला बदल उष्णतेमुळे की नुसत्या पात्रात राहून, हे कळणार नाही. मॅनिटॉल लिटरला १० ग्रॅमऐवजी १ ग्रॅम घ्या. कार्बन तोकडा पडला पाहिजे, आणि चिकटाही कमी सुटतो. बाटली बदलणं म्हणजे भलत्या जंतूंना आवतण, तेव्हा स्पिरिट दिवा शेजारीच ठेवा. सलाइनच्या सेटमधली ठिबक कुपी औषधांच्या दुकानातून आणून माध्यमाच्या नळीत बसवा. थेंब तुटून पडला की पात्रातले जिवाणू उलटे चढून बाटलीत शिरत नाहीत. रोज काँगो रेड या लाल रंगद्रव्याच्या आगार प्लेटवर नमुना पसरवा. आपले ठिपके पांढरट राहतात. लालभडक दिसले की कुणीतरी घुसलंय.

डीपी जळाली तर दोन-दोन दिवस वीज नसते. इन्व्हर्टरवर हवेचा पंप, माध्यमाचा पंप आणि हीटर तिन्ही एकत्र हवेत. एका वर्षी हीटर बंद आणि पंप चालू राहिला. गारठ्याने जिवाणूंची वाढ थांबली, पंप मात्र त्यांना बाहेर काढत राहिला, आणि पात्रातला गढूळपणा बराच उतरला. दोष वायरमनचा नव्हता, जोडणी माझीच होती.

तापमान अर्ध्या अंशाने, आणि गढूळपणा तीन दिवस स्थिर राहिल्यावरच वाढवायचं. काचेला बुळबुळीत थर दिसला की पात्र बदला. भिंतीला चिकटणारा जिवाणू वाहून जात नाही, मग उष्णता न सोसताही तोच जिंकतो. निर्जंतुक केलेलं एक जास्तीचं पात्र म्हणूनच कायम तयार हवं.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. पात्रात तूर नाही. गाठी बांधण्याची कला गमावलेला जिवाणूही तिथे मजेत जगतो, उलट ते ओझं टाकल्याने जरा पुढेच जाईल. म्हणून दर आठवड्याचा नमुना २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवा आणि तिरक्या आगारवरही (नळीत तिरकं गोठवलेलं घट्ट माध्यम) ठेवा. आपल्या फ्रीजरचा भरवसा विजेइतकाच. निर्जंतुक वाळू भरलेल्या कुंड्या आणि तुरीचं बिनप्रक्रियेचं बी आत्ताच बाजूला काढा. थिरम हे बुरशीनाशक लावलेली पुडी चालणार नाही. फेब्रुवारीत पेरलं की मार्चच्या उन्हात, सहाव्या आठवड्यात झाड उपटून गाठ कापायची. आत गुलाबी रंग, म्हणजे गाठ काम करत असल्याची खूण, दिसला तरच तो नमुना मृगाच्या पेरणीसाठी शेतावर न्यायचा.